राज्यशास्त्राची शिकवणी : मदत कोणती, कोठे आणि कशी

आपल्या शाळेतून दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील कनिष्ठ महाविद्यालयांत कला शाखेत प्रवेश घेतात आणि त्यांतील पुष्कळ जण राज्यशास्त्र हा विषय निवडतात. ‘विषय सोपा आहे, वाचले की येते’ असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. बारावीचा निकाल हाती येतो तेव्हा मात्र या सोप्या विषयातच गुण अडलेले दिसतात. मग शिकवणीचा शोध सुरू होतो आणि दुसरी अडचण समोर येते. टेंभी नाका, नौपाडा किंवा गोखले रस्त्यावरच्या क्लासच्या पाट्या वाचाव्यात, तर त्यांवर गणित, भौतिकशास्त्र आणि पुस्तपालन यांचीच नावे ठळक असतात. राज्यशास्त्रासाठी पाटी क्वचितच आढळते. घरातील पहिलाच शिकणारा असलेल्या मुलाने अशा वेळी काय करावे, कोणाकडे कोणती मदत मागावी, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत राज्यशास्त्राला ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन आहे. अकरावीत राज्य, स्वातंत्र्य आणि हक्क, समता आणि न्याय, संविधानिक शासन, प्रतिनिधित्व, न्यायमंडळाची भूमिका, लोकप्रशासन अशा मूळ संकल्पना येतात. बारावीत १९९१ नंतरचे जग, जागतिकीकरण, मानवतावादी मुद्दे, राष्ट्रीय एकात्मतेसमोरील आव्हाने, सुशासन आणि भारत व जग असे विषय आहेत. अकरावीचे वर्ष विश्रांतीचे समजून घालवलेल्या विद्यार्थ्याला बारावीचे पुस्तक परके वाटते, कारण त्यातील प्रत्येक प्रकरण अकरावीच्या संकल्पनांवर उभे आहे. हक्क म्हणजे काय हे ज्याला उमगले नाही, त्याला मानवतावादी मुद्द्यांचे प्रकरण केवळ नावांची यादी भासते.

आता प्रश्नांचे प्रकार पाहावेत. योग्य पर्याय निवडणे, वेगळा शब्द ओळखणे हे प्रकार पाठांतरावर निभावतात. परंतु विधान चूक की बरोबर हे सकारण स्पष्ट करा, सहसंबंध स्पष्ट करा, आपले मत मांडा, या प्रकारांत गाईडमधील उत्तर जसेच्या तसे उतरवून भागत नाही. तेथे दोन गोष्टींमधील दुवा स्वतःच्या शब्दांत दाखवावा लागतो. विद्यार्थ्यांनी सरावासाठी लिहिलेली उत्तरे वाचताना आम्हांस वारंवार एकच उणीव आढळते. व्याख्या अचूक असते, मुद्दे क्रमाने असतात, परंतु ‘म्हणून’ आणि ‘कारण’ हे शब्द नसतात. गुण अडतात ते याच ठिकाणी.

यावरून शिकवणीची खरी गरज कळते. पुस्तकाशिवाय आणखी एक टिपणवही मिळाल्याने फारसे काही साधत नाही. विद्यार्थ्याने लिहिलेले उत्तर शेवटपर्यंत वाचणारा आणि प्रत्येक विधानाशी थांबून ‘असे का?’ विचारणारा माणूस त्याला हवा असतो. एक उदाहरण घेऊ.

‘लोकसहभाग आणि सुशासन यांचा सहसंबंध स्पष्ट करा’ असा प्रश्न आहे. विद्यार्थी लिहितो, ‘सुशासनासाठी लोकसहभाग महत्त्वाचा आहे. पारदर्शकता व उत्तरदायित्व ही सुशासनाची वैशिष्ट्ये आहेत.’ दोन्ही विधाने बरोबर आहेत, पण त्यांच्यात सांधा नाही. चांगला मार्गदर्शक येथे मुलाला त्याच्याच अनुभवाकडे नेतो. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला काढताना तहसील कार्यालयात किती खेपा घातल्या? दाखला किती दिवसांत मिळावा, हे कोठे लिहिले होते काय? तेथून महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याची ओळख करून देता येते. या कायद्याने अधिसूचित सेवांसाठी कालमर्यादा ठरवून देण्याची व्यवस्था केली, सेवा देणारा पदनिर्देशित अधिकारी निश्चित केला आणि सेवा न मिळाल्यास अपिलाची सोय केली. त्यापुढे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ येतो, ज्यात नागरिकाच्या अर्जाला सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. आता विद्यार्थी लिहू शकतो की, नागरिक अर्ज करतो, अपील करतो, म्हणून अधिकाऱ्याला आपल्या विलंबाचे उत्तर द्यावे लागते. अर्ज करणारा कोणी नसेल, तर कायद्यातील कालमर्यादा कागदावरच राहते. सहसंबंध म्हणतात तो हाच. वसतिगृहात शिकलेल्या आपल्या मुलांपाशी दाखले, पडताळणी आणि शिष्यवृत्ती यांचा अनुभव भरपूर असतो. तो अनुभव उत्तरात आणण्याजोगा आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

ठाण्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याला आणखी एक साधन विनामूल्य उपलब्ध आहे, ते म्हणजे स्वतः हे शहर. नवरात्रातील देवीच्या उत्सवामुळे टेंभी नाका सर्वांच्या परिचयाचा आहे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र तो जरा निराळ्या नजरेने पाहावा. नाक्यालगतचे जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला ठाणेकर आजही ‘सिव्हिल’ म्हणतात, ते राज्य शासनाचे आहे. खाडीपलीकडे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महानगरपालिका चालवते. शहर एकच, आजारी माणूस तोच, पण रुग्णालये दोन शासनसंस्थांची. असे का? कारण संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय राज्यसूचीत आहे आणि ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत सार्वजनिक आरोग्याचाही समावेश आहे. ज्या रेल्वेने आपण ठाण्यास येतो, ती संघसूचीतील आहे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १८५३ साली धावली, हे सर्वांस ठाऊक असते. ती व्यवस्था आज कोणत्या सूचीत बसते, हे विचारल्यास बहुतेक जण गप्प होतात.

टेंभी नाक्यावरून चालत कोर्ट नाक्याकडे गेल्यास जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा न्यायालय एकमेकांच्या शेजारी दिसतात. इमारती जवळ असल्या तरी त्यांची सत्ता वेगळी आहे. राज्याने न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून अलग करण्यासाठी पावले उचलावीत, असे संविधानाचा अनुच्छेद ५० सांगतो. अकरावीच्या न्यायमंडळावरील प्रकरणाला याहून बोलके चित्र मिळणे कठीण. शहापूर किंवा मुरबाडहून आलेल्या विद्यार्थ्याने आपली ग्रामपंचायत आणि ठाण्याची महानगरपालिका यांची तुलना करून पाहावी. पहिलीला ७३व्या आणि दुसरीला ७४व्या घटनादुरुस्तीने संविधानात स्थान दिले. दोन्ही दुरुस्त्या १९९२ च्या असून १९९३ मध्ये अमलात आल्या. अंतर्गत मूल्यमापनाच्या प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर तो येथेच सापडतो.

आता मदत कोठे मागावी, याविषयी. पहिला मान आपल्या महाविद्यालयातील प्राध्यापकांचा. तासानंतर लिहिलेले एक उत्तर घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला ‘वेळ नाही’ म्हणणारे शिक्षक थोडेच असतात. ‘मला काहीच समजत नाही’ असे मोघम सांगण्यापेक्षा ‘या उत्तरात गुण कोठे जातील?’ असे विचारावे. दुसरा आधार ग्रंथालयाचा. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्यातच आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि भारताच्या संविधानाची मराठी आवृत्तीही उपलब्ध आहे. संविधानाचा मूळ मजकूर एकदा तरी उघडावा. गाईडमध्ये चार ओळींत आटोपलेला अनुच्छेद मूळ शब्दांत वाचला की अधिक लक्षात राहतो.

तिसरा आधार माजी विद्यार्थ्यांचा. आमची सूचना अशी की, ठाणे आणि कल्याण परिसरात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आठवड्यातून दोन तास चार-पाच मुलांच्या गटाला द्यावेत. पहिल्या अर्ध्या तासात एक संकल्पना बोलून घ्यावी, पुढचा अर्धा तास सर्वांनी एकच उत्तर लिहावे आणि उरलेल्या तासात एकमेकांची उत्तरे मोठ्याने वाचून ‘का?’ विचारावे. यासाठी मार्गदर्शक राज्यशास्त्राचा पदवीधरच असावा असे नाही. दररोज वर्तमानपत्र वाचणारा, शांतपणे ऐकणारा माणूस पुरेसा आहे. परीक्षेपूर्वी दोन महिने मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात, कारण माहिती असूनही शेवटचा सविस्तर प्रश्न वेळेअभावी सुटणे ही नेहमीची गोष्ट आहे.

पैसे भरून क्लास लावायचाच असेल, तर पालकांनी काही गोष्टी जाणून घ्याव्यात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये खासगी शिकवणी केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार केंद्रांनी गुणांची किंवा क्रमांकाची हमी देऊ नये, शुल्काची पावती द्यावी आणि विद्यार्थ्याने अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क परत करावे, अशी अपेक्षा आहे. आमच्या मते याखेरीज एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘आठवड्याला किती उत्तरे तपासून मिळतील?’ याचे स्पष्ट उत्तर न मिळाल्यास कर्ज काढून शुल्क भरण्यात अर्थ नाही.

हा खटाटोप केवळ बारावीपुरता नाही. पदवीनंतर स्पर्धा परीक्षांकडे वळणाऱ्यांसाठी ठाणे महानगरपालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था १९८७ पासून कार्यरत आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील शासनव्यवस्था, संविधान आणि सामाजिक न्याय यांची २५० गुणांची प्रश्नपत्रिका पाहिली, तर अकरावीतलेच शब्द तेथे अधिक खोल अर्थाने भेटतात. पाया कच्चा राहिलेल्या विद्यार्थ्याला त्या वयात पुन्हा आरंभ करावा लागतो, आणि घरची परिस्थिती दर वेळी तेवढी सवड देत नाही.

मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लोकशिक्षण संस्थेमार्फत १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग होते आणि विद्यार्थ्यांची संसदही भरत असे. संसदीय कारभार वादविवादातून, प्रश्न विचारून आणि उत्तर देऊन शिकावा, ही दृष्टी त्यामागे होती. चार मुलांच्या गटात उत्तर वाचून दाखवणारा आणि ‘का?’ या प्रश्नाला सामोरा जाणारा विद्यार्थी तोच अभ्यास करीत असतो. पुढे कधी एखाद्या कार्यालयाच्या खिडकीवर ‘उद्या या’ असे ऐकावे लागले, तर कोणत्या कायद्याने आणि किती दिवसांत काम व्हावयास हवे, हे तो नम्रपणे, परंतु ठामपणे विचारू शकेल. आपल्या शाळेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एवढे सामर्थ्य लाभावे आणि ते देण्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी पुढे यावे, हीच आमची या स्मरणिकेच्या निमित्ताने विनंती आहे.