तलफ उठते कुठून?

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतलेल्या माणसाची खरी कसोटी घरी आल्यावर लागते. तीच गल्ली, तीच टपरी, पगाराचा तोच दिवस. मेंदूने या खुणा दारूशी जोडून ठेवलेल्या असतात. त्या दिसताच तलफ उठते. लोक मात्र ‘मनच कच्चं’ म्हणून मोकळे होतात! समुपदेशक अशा खुणा रुग्णाकडूनच वदवून घेतो, रस्ता कुठे बदलायचा, फोन कोणाला करायचा हे आधीच ठरवतो. तलफ बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ निभावण्याचा सराव करून घेतला जातो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने तर रुग्णांच्या पत्नींसाठीही ‘सहचरी’ गट चालवला. दारू थांबवल्यावर भास किंवा झटके आले, तर मात्र आधी रुग्णालय गाठावे. मनाच्या तक्रारींसाठी सरकारची मोफत ‘टेलिमानस’ हेल्पलाइन आहे: १४४१६.