सम न देणारा ब्रुकनर

‘वेस्टर्न क्लासिकल? हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतं तेच ना?’ ऑफिसातल्या मित्राचा प्रश्न. पुढचा टोमणाही ठरलेला, ‘अरे, तू तर हिंगोलीचा!’ हो, हिंगोलीचाच. आमच्याकडे सिम्फनी म्हणजे दसऱ्याच्या मैदानात एकदम ओरडणारे चार लाऊडस्पीकर. तरीही वर्षभर माझ्या हेडफोनमध्ये एकच माणूस ठाण मांडून बसलाय, अँटोन ब्रुकनर. त्याची नववी सिम्फनी, तीही तीन वेगवेगळ्या जुन्या रेकॉर्डिंग्जमध्ये.

तीन कशाला? यमन एकाच गवयाकडून ऐकून आपलं भागतं का?

ब्रुकनर १८९६ साली व्हिएन्नात वारला, तेव्हा सिम्फनीचे तीनच भाग पुरे झाले होते. १९०३ मध्ये ती पहिल्यांदा वाजली, पण कंडक्टर फर्डिनांड ल्योवनं तिचे खडबडीत कोपरे घासून गुळगुळीत केले होते. मूळ रूप लोकांच्या कानावर पडायला १९३२ उजाडलं. म्युनिकमध्ये झिगमुंड फॉन हाउसेगरनं ते वाजवलं आणि १९३८ मध्ये रेकॉर्डही केलं. ७८च्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावायची. म्हणजे तासाभराची सिम्फनी तुकड्यातुकड्यांत! खरखर भरपूर आहे, पण कोपरे शाबूत.

दुसरं रेकॉर्डिंग बर्लिनचं, ऑक्टोबर १९४४. शहरावर बॉम्ब पडण्याचे दिवस, आणि कंडक्टर विल्हेल्म फुर्टवेंगलर. हे रेडिओच्या मॅग्नेटिक टेपवरचं, त्यामुळे दर चार मिनिटांनी थांबायची भानगड नाही. लय धावत सुटते, मध्येच थबकते. ऐकताना पोटात गोळा येतो. रात्री एकट्यानं ऐकायची माझी तरी टाप नाही.

आणि तिसरं आपल्या मुंबईकराचं! १९६५, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, डेक्का कंपनी, कंडक्टर झुबिन मेहता. वय फक्त २९. वडील मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. मुलगा डॉक्टरकीची वाट सोडून १९५४ मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेला. ब्रुकनर म्हणजे व्हिएन्नाकरांचं घरचं संगीत. तो त्यांच्याच वादकांकडून वाजवून घ्यायचा, म्हणजे एखाद्या व्हिएन्नाकरानं पुण्यात येऊन ‘सवाई’ गाजवण्यासारखं. रेकॉर्डिंग झालं सोफिएनझालमध्ये. हा हॉल मुळात पोहण्याचा तलाव होता! २००१ मध्ये तो आगीत जळला, पण त्याचा घुमारा रेकॉर्डमध्ये उरलाय.

गेल्या दिवाळीत याच रेकॉर्डिंगचा शेवटचा भाग, अडाजिओ, बाबांना ऐकवला. आमचे बाबा नर्सीच्या भजनात टाळ धरणारे. वाटलं, पाच मिनिटांत उठतील. नाही उठले. शेवटाकडे सगळा ऑर्केस्ट्रा चढत चढत एका भयंकर बेसूर कॉर्डवर आदळतो आणि एकदम शांतता. बाबा म्हणाले, ‘सम दिलीच नाही रे त्यानं.’

ब्रुकनरवरच्या जाडजूड लेखांमध्ये मला इतकं नेमकं वाक्य सापडलेलं नाही. त्या शांततेनंतरचं संगीत हळूहळू निवत जातं. मेहतांकडे ते उबदार वाटतं, फुर्टवेंगलरकडे थकलेलं.

ट्राय करणार असाल तर मेहतांपासून सुरुवात करा, आवाज सगळ्यात स्वच्छ आहे. फुर्टवेंगलर नंतर, आणि कान तयार झाले की हाउसेगर. फक्त लोकलमध्ये नको. हळू जागा ऐकूच येत नाहीत, आणि आवाज वाढवलात तर पुढच्या धडाक्याला शेजारचा दचकतो.