नॉर्मन विझ्डम: धडपडणाऱ्या माणसाचा नट

ब्रिटिश विनोदी नट नॉर्मन विझ्डम यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९१५ रोजी लंडनच्या मॅरिलबोन भागात झाला. वडील मोटारचालक होते. आई-वडील वेगळे झाल्यावर बालपण हालात गेले आणि किशोरवयातच विझ्डम सैन्याच्या बँडपथकात भरती झाले. त्यांची टेन्थ रॉयल हुसार्स ही पलटण १९३०च्या दशकात लखनौला होती. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, घोडेस्वारी आणि मुष्टियुद्ध ते सैन्यातच शिकले. भारतातील ब्रिटिश सैन्यात फ्लायवेट गटाचे विजेतेपदही त्यांनी पटकावले. पुढे पडद्यावर ते ज्या सफाईने आपटत, त्या सफाईला सैन्यातल्या कसरतीची बैठक होती.

रंगमंचावर ते व्यावसायिक नट म्हणून उतरले तेव्हा तिशी गाठली होती. १९४८ साली स्कारबरो येथे जादूगार डेव्हिड निक्सन यांच्यासोबत काम करताना त्यांना आपला वेष सापडला: आखूड, तंग सूट, मुरगळलेला टाय आणि तिरपी कॅप. बुटक्या, किरकोळ अंगाच्या माणसाला तो वेष चपखल बसला.

रँक कंपनीच्या १९५३च्या ‘ट्रबल इन स्टोअर’ या चित्रपटाने त्यांना एका झटक्यात तारा बनवले. मोठ्या दुकानाच्या कोठारात राबणाऱ्या, पण दर्शनी खिडक्या सजवण्याची स्वप्ने पाहणाऱ्या नोकराची ही गोष्ट. या भूमिकेसाठी त्यांना ‘बाफ्टा’चा होतकरू नवोदिताचा पुरस्कार मिळाला. चित्रपटातले त्यांचे ‘डोन्ट लाफ ॲट मी’ हे गाणेही गाजले. पुढची दहा-बारा वर्षे साचा साधारण तोच राहिला. ‘द स्क्वेअर पेग’ (१९५८), ‘अ स्टिच इन टाइम’ (१९६३) आणि ‘द अर्ली बर्ड’ (१९६५) या चित्रपटांत विझ्डम यांचा नॉर्मन पिटकिन आणि एडवर्ड चॅपमन यांनी रंगवलेला त्याचा त्रासलेला वरिष्ठ मिस्टर ग्रिम्सडेल ही जोडी आहे. समीक्षक नाके मुरडत, चित्रगृहे भरत. नाके मुरडायला थोडे कारणही होते, कारण हशा पिकला की लगेच डोळे ओले करण्याची घाई या चित्रपटांना फार.

सर्वांत अनपेक्षित चाहते मिळाले ते अल्बानियात. एन्व्हर होजा यांच्या कम्युनिस्ट राजवटीत पाश्चात्त्य चित्रपटांना जवळपास बंदीच होती, पण विझ्डम यांना मुभा होती. मालकाशी झगडणाऱ्या पिटकिनमध्ये राजवटीला भांडवलशाहीविरुद्ध लढणारा कामगार दिसला. सामान्य प्रेक्षक मात्र बहुधा त्याच्या फजितीलाच हसत असावा. १९९५ साली विझ्डम तिरानाला गेले, तेव्हा त्यांच्याभोवती चाहत्यांची झुंबड उडाली.

साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश अभिरुची बदलली. ब्रॉडवेवरील ‘वॉकिंग हॅपी’ या संगीतिकेने त्यांना टोनी पुरस्काराचे नामांकन मिळवून दिले, तरी चित्रपटांतला बहर ओसरला. १९८१च्या ‘गोइंग जेंटली’ या दूरदर्शन नाटकात त्यांनी कर्करोगाने मरणासन्न झालेल्या रुग्णाची भूमिका केली. एरवी सारे शरीर कामाला लावणारा हा नट इथे खाटेवर खिळलेला दिसतो, आणि अभिनयात कुठेही उणा पडत नाही. दिग्दर्शकांनी हा पैलू आधी का वापरला नाही, असा प्रश्न पडतो.

२००० साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. तो स्वीकारून मागे फिरताना राणीसमोरही त्यांनी आपली ठेच लागल्याची नक्कल केलीच. ४ ऑक्टोबर २०१० रोजी आइल ऑफ मॅन येथे, वयाच्या ९५व्या वर्षी त्यांचे निधन झाले.