एका लहानशा राजधानीतील दिवस

आमचे एक भाचे गतवर्षी सपत्नीक युरोपच्या प्रवासास गेले होते. स्लोव्हेनिया नामक चिमुकल्या देशाची ल्युब्ल्याना ही राजधानी उभयतांनी एका दिवसात पायी पाहिली आणि तिची छायाचित्रे आमच्या घरी मोबाईलवर धाडली. टेकडीवर किल्ला, पायथ्याशी नदी आणि नदीवर लगत लगत तीन पूल! १८९५ च्या भूकंपात या नगराची फार हानी झाली. पुढे प्लेचनिक नामक वास्तुविशारदाने त्यास नवे रूप दिले. घरातील लहानथोर कौतुक करीत असता आमच्या कुटुंबाने सहज विचारले, "अहो, आपल्या जवळपास अशी एखादी राजधानी नाही का? की त्यासाठी समुद्र ओलांडावाच लागतो?"

तीस-पस्तीस वर्षे आम्ही मुलांस इतिहास-भूगोल शिकविला, शाळेच्या सहलीही पुष्कळ नेल्या. परंतु गृहिणीस बरोबर घेऊन एखादा दिवस केवळ स्थलदर्शनात घालविल्याचे आम्हांस स्मरेना. प्रश्न वरकरणी भूगोलाचा, पण त्यात आमचे जुने देणे होते. ते फेडावे म्हणून आश्विनातील एका सकाळी दशम्यांचे गाठोडे घेऊन आम्ही सातपूरहून त्र्यंबकच्या रस्त्याने एस. टी. ने निघालो. त्र्यंबक, घाट, मोखाडा असे करीत सुमारे ८० किलोमीटरवर जव्हार लागले.

जव्हार संस्थान अवघे ३१० चौरस मैलांचे. पण १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने मान्यता दिलेले हे महादेव कोळी मुकण्यांचे राज्य १९४८ साली मुंबई इलाख्यात विलीन होईपर्यंत नावाने तरी टिकून होते. प्रथम जयविलास राजवाड्याची दगडी वास्तू बाहेरून पाहिली. मग शिरपामाळावर गेलो. १६६४ साली सुरतेस जाताना शिवछत्रपतींचा मुक्काम येथे पडला व जव्हारच्या राजाने त्यांचे स्वागत केले, असे परंपरा सांगते. येथपर्यंत आमचे मास्तरपण यथास्थित चालले होते.

माळावर सावलीत बसून आम्ही मूळपुरुषाची दंतकथा सांगू लागलो. जयबा मुकणे याने एका वारली नायकाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच भूमी मागितली. नायकाने होकार देताच जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, त्या एकास एक जोडल्या आणि त्यांनी वेढलेला मुलूख आपला केला! कार्थेजची राणी डिडो हिनेही हीच युक्ती केल्याचे व्हर्जिल या रोमन कवीच्या महाकाव्यात आले आहे. आणि आपल्या पुराणांतील वामनाची तीन पावले कोणास ठाऊक नाहीत? दूरदूरच्या लोकांस एकच कल्पना सुचावी याचा आम्हांस आनंद वाटत होता. कुटुंबाने दशमी पुढे केली आणि म्हणाली, "सगळ्या कथा घेणाऱ्याच्या हुशारीच्या. ज्याची भूमी गेली तो वारली पुढे कोठे गेला?"

याचे उत्तर आमच्या पाठांत नव्हते. ते पुढ्यातच उतारावर उभे होते. एक वारली बाई गवताचा भारा उतरवून विसाव्यास बसली होती. हिने तिला दशमी दिली आणि उतारावरील पिकाची चौकशी केली. एक तुकडा नागलीचा, दुसरा वरईचा. "म्हणजे आपली एकादशीची भगर!" हिला आश्चर्य वाटले. पीक घरी आले, की काही महिने पुरते. पुढे मुलाबाळांसह वीटभट्टीवर जावे लागते, असे ती बाई अगदी साध्या स्वरात सांगत होती.

याच तालुक्यात वावर-वांगणीकडे १९९२-९३ च्या सुमारास कुपोषणाने बालके दगावली. आम्ही त्या वेळी ते वृत्तपत्रात वाचले होते व घडी घालून ठेवून दिले होते. वारली सुवासिनी लग्नात तांदळाच्या पिठाने भिंतीवर जो चौक लिहितात, ती कला जिव्या सोमा मशे यांच्यामुळे परदेशांतील दालनांत पोहोचली. २०११ साली त्यांस पद्मश्रीही मिळाली. चित्रे समुद्रापार गेली, चित्रे काढणाऱ्यांची पोरे मात्र भट्टीवर! आपण पुण्यासाठी ज्या धान्याचा उपास करतो, ते पिकविणाऱ्यांचा उपास व्रताचा नव्हे, एवढे त्या माळावर आम्हांस कळले.

सूर्यास्ताची जागा येथे प्रसिद्ध आहे. परंतु परतीची गाडी त्याआधीच होती. गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. त्र्यंबक मागे पडल्यावर ही म्हणाली, "राजधानी पाहिली हो. पण राजापेक्षा प्रजाच अधिक दिसली." इतक्या वर्षांच्या अध्यापनात इतका नेमका शेरा आमच्या हातून कोणत्याही वहीवर पडला नसेल.

पुढे बलिप्रतिपदेस हिने प्रतिवर्षीप्रमाणे बळीराजा काढला. नातवंडे भोवती जमली. आम्ही कातड्याची कथा सांगावयास घेतली. ती या खेपेस वारली नायकाकडून आरंभिली. मुलांनी विचारले, "मग त्याला आपली जमीन परत मिळाली का?" वाचकहो, आपल्या घरी हा प्रश्न निघाला, तर मुलांस उत्तर देण्यापूर्वी त्यांना घेऊन एक दिवस जव्हारास जाऊन यावे.