वाळवंटाचं तिकीट

कुवेतमधली मराठी मंडळी युरोपला जातात ती जून-जुलैत. शाळांना सुट्टी, इथे पारा पन्नासाला टेकलेला, तिकडे भारतात धो-धो पाऊस. मग स्वित्झर्लंडच्या हिरवळीवर चार फोटो काढून परत यायचं, हा आपला ठरलेला रिवाज. त्यामुळे गेल्या डिसेंबरात आम्ही व्हिएन्नाला निघालो म्हटल्यावर मैत्रिणींचा एकच प्रश्न होता, "अगं, ऐन थंडीत?" कारण अगदी साधं होतं. आमची आठ वर्षांची लेक जन्मापासून साल्मियाच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. तिला बर्फ बघायचा होता. मॉलमधला नाही, आभाळातून पडणारा.

तयारीचं फार सांगत नाही, कारण त्यावर प्रत्येकाकडे सल्ल्यांची पोतडी असतेच. एवढंच सांगते की, गरम कपडे कुवेतमध्ये मिळणार नाहीत हा समज काढून टाका. मुबारकियाच्या बाजारात मेंढीच्या लोकरीचं अस्तर लावलेले फरवे दुकानांबाहेर टांगलेले असतात, ते काय शोभेला? वाळवंटातली रात्र काय चीज आहे ते इथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आणि अंगापेक्षा पायांची काळजी घ्या. जाड तळव्याचे, पाणी आत न येणारे बूट हवेत. बाकी सगळा कांद्याचा कारभार: एकावर एक पापुद्रे चढवायचे, आणि कुठल्याही इमारतीत शिरलं की ते सोलून कोट ठेवायच्या जागी द्यायचे. दिवसातून सात-आठ वेळा! घरातून निघायला अर्धा तास लागायचा आणि तोवर लेकीला हमखास बाथरूमला जायचं असायचं.

खरं तर थंडीत युरोपात राहिलेली मराठी बाई ही काही नवलाची गोष्ट नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे डॉक्टरेटसाठी बर्लिनला होत्या. त्यांनी तिथे हिवाळे काढले, तेही कवट्या मोजण्याचं काम करत. मला एम.ए.च्या वर्गात त्यांचे ललित निबंध होते. त्या बाईंनी बर्लिनच्या थंडीत सकाळी उठून पाणी कसं तापवलं असेल, हा प्रश्न मात्र व्हिएन्नाच्या स्टेशनबाहेर नाक बधिर झाल्यावरच पडला.

बर्फ पहिले तीन दिवस पडलाच नाही. व्हिएन्नाचा हिवाळा म्हणजे मुख्यतः राखाडी आभाळ. शहरावर ढगांचं झाकण ठेवल्यासारखं असतं, सूर्य आहे की नाही कळत नाही, आणि दुपारी चारला अंधार. कुवेतमध्येही डिसेंबरात पाचच्या आत सूर्य मावळतो, पण तोवर त्यानं आपलं काम चोख केलेलं असतं. दुसऱ्या दिवशी मला खोलीतच बसून राहावंसं वाटायला लागलं. खिडकीखालचा हीटर, हातात चहा, बाहेर उणे तीन. कुवेतच्या ऑगस्टात आपण नेमकं हेच करतो, फक्त हीटरच्या जागी एसी असतो.

आणि त्याच दिवशी सकाळी श्टाटपार्कमध्ये ती मुलं दिसली.

बालवाडीची पंधरा-वीस मुलं असतील. अंगभर फुगीर पोशाख, वर चमकणारे पट्टे, नाकं लाल. दोन शिक्षिका होत्या. मुलं चिखलात बसत होती, वाळलेली पानं उधळत होती, गोठलेल्या डबक्यावर टाच आपटून बर्फाचा पापुद्रा फोडत होती. एक जण पडला. बाईंनी पाहिलं, तो उठतोय म्हटल्यावर पुन्हा बोलण्यात गुंतल्या. मी पाच वर्षं शाळेत शिकवलंय. माझ्या वर्गातलं मूल उणे तीनमध्ये चिखलात बसलं असतं तर दुपारपर्यंत पालक ऑफिसात हजर झाले असते! मी तिथे वीस मिनिटं उभी राहिले, पाय गोठेपर्यंत. कुणी मुलांना "चला आत" म्हणालं नाही.

माझ्या शिकवण्याच्या दिवसांत मे, जून, सप्टेंबर या महिन्यांचा खेळाचा तास वर्गातच व्हायचा. धुळीचं वादळ असेल तर इतर महिन्यांतही. त्याला इलाजही नव्हता. मितरिबाला २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, ते आशियातलं आजवरचं सर्वांत जास्त तापमान म्हणून जागतिक हवामान संघटनेनं मान्य केलेलं आहे. अशा हवेत मुलांना बाहेर काढा असं कोण म्हणेल? पण त्याची किंमत मोजावी लागते. आमच्या लेकीला दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाचे थेंब लिहून दिले. वर्षभर ऊन ओतणाऱ्या देशात! ओळखीच्या घरांत विचारलं तर बहुतेकांकडे ती बाटली होतीच. प्रश्न ऑगस्टचा नाहीच. प्रश्न असा की, नोव्हेंबर ते मार्च इथे पुण्याला लाजवेल अशी हवा असते, आणि तेव्हाही आपण सवयीनं मॉलमध्येच जातो.

तिसऱ्या दिवशी आम्ही कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियमला गेलो. १८९१ साली उघडलेलं हे संग्रहालय एका दिवसात पाहून होत नाही, म्हणून मी फक्त एका दालनाचा हट्ट धरला होता: ब्रॉयगेलचं. या चित्रकाराच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह इथे आहे, आणि त्यात १५६५ सालचं 'बर्फातले शिकारी' आहे. पुस्तकात पोस्टाच्या तिकिटाएवढं पाहिलेलं चित्र समोर दीड मीटरहून रुंद होऊन उभं राहिलं. तीन शिकारी कुत्र्यांसह दमून घरी येताहेत, हाती लागलाय जेमतेम एक कोल्हा. डावीकडे खानावळीबाहेर जाळ पेटलाय. पाटी एकाच आकड्यावर लोंबकळतेय. आणि खाली, दूर, हिरवट गोठलेल्या तळ्यांवर मुंगीएवढी माणसं.

लेकीनं त्या माणसांची मोजणी सुरू केली. कुणी घसरतंय, कुणी पडलंय, कुणी भोवरा फिरवतंय. मग म्हणाली, "आई, सगळे बाहेरच आहेत. घरात कुणीच नाही का?" नवरा हसला. मला हसू आलं नाही. साडेचारशे वर्षांपूर्वी, विजेशिवाय, शिकार नीट मिळालेली नसताना हे लोक बाहेर खेळत होते. त्याच शहरात १८६७ साली व्हिएन्ना आइस स्केटिंग क्लब निघाला, आणि त्याचं मैदान आजही उघड्या आभाळाखाली आहे. इथल्या जुन्या मंडळींना आपली १९८० साली सुरू झालेली आइस स्केटिंग रिंक आठवत असेल. चार भिंतींच्या आत का होईना, वाळवंटात बर्फ आणला होता. संध्याकाळी आम्ही त्या उघड्या मैदानावर गेलो. मी कठडा सोडला नाही, पण लेक तासाभरात तीनदा पडून चौथ्यांदा उभी राहिली.

नाताळच्या बाजाराचं वर्णन सगळेच करतात, त्यामुळे शाकाहारी मंडळींसाठी फक्त दोन नावं: लोखंडी भट्टीवर भाजलेले चेस्टनट, आणि कार्टोफेलपुफर, म्हणजे लसूण लावलेलं बटाट्याचं थालीपीठच. सोबत मुलांसाठी बिनदारूचं गरम पंच. कपासाठी अनामत घेतात, कप परत दिला की पैसे परत. आम्ही एक कप ठेवून घेतला.

चौथ्या पहाटे बर्फ पडला. खिडकीतून पाहिलं तर रस्ता पांढरा, आणि त्यावर एक माणूस फावडं घेऊन. तिथे घरमालकावर कायद्यानं जबाबदारी असते: सकाळी सहा ते रात्री दहा आपल्या इमारतीसमोरची पायवाट बर्फ काढून, बारीक खडी टाकून चालण्याजोगी ठेवायची. नवरा बराच वेळ त्या माणसाकडे पाहत राहिला. तो अहमदीकडे साइटवर असतो. आमच्या घरात हवामान खरंखुरं माहीत असलेला तो एकटाच. जूनमध्ये घरी येतो तेव्हा शर्टावर मिठाच्या रेघा असतात. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावरच्या कामाला बंदी आहे. "अकराच्या आधीही चाळीस असतातच," एवढंच तो म्हणाला आणि खाली जाऊन त्या माणसाशी खुणांनी काहीतरी बोलून आला.

शेवटच्या दिवशी शोनब्रुन. राजवाडा पाहिला, बागेत बर्फाचा गोळा मारून झाला, आणि मग लेकीला एक पाटी दिसली: 'वाळवंट घर'. १९०४ सालच्या एका काचेच्या इमारतीत २००४ पासून वाळवंट मांडून ठेवलंय. आम्ही कुवेतहून व्हिएन्नाला जाऊन, रांगेत उभं राहून, पैसे भरून वाळवंट बघायला आत शिरलो. चष्म्यावर एकदम वाफ धरली. निवडुंग, सरडे, कासवं, आणि पारदर्शक नळ्यांतून धावणारे केस नसलेले गुलाबी उंदीर. सभोवती व्हिएन्नाची कुटुंबं कोट हातावर घेऊन सुखानं उबेत उभी. एक आजीबाई एका निवडुंगासमोर इतक्या भक्तिभावानं थांबल्या होत्या की मला पंढरपूर आठवलं. लेक सगळं फिरून आली आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "यात धब नाहीये. आणि माणसंही नाहीत." आमच्या वाळवंटात माणसं असतात, असं तिनं शेजारच्या एका मुलाला इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, "तिथे बाहेर खेळता येतं?" लेकीनं माझ्याकडे पाहिलं.

रात्री हॉटेलात नळाचं पाणी बाटलीत भरताना हे तिला सांगितलं: व्हिएन्नाला १८७३ पासून आल्प्समधलं झऱ्याचं पाणी येतं, पंपाशिवाय, नुसत्या उतारानं. डोंगरातला बर्फ वितळून नळात. आपल्याकडे एकेकाळी शत-अल-अरबमधून गलबतांनी गोडं पाणी यायचं, आता समुद्राचं खारं पाणी गोडं करतात. तिला गलबतांची गोष्ट जास्त आवडली.

परतल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही दर शुक्रवारी बाहेर पडलो: शहीद पार्क, गल्फ रोड, एकदा सुलैबिखातच्या किनाऱ्यावर पक्षी बघायला. त्यात विशेष काही नाही, हवाच चांगली असते. पण यंदा ऑगस्टमध्ये लेकीनं बापाला पहाटे पावणेपाचला उठवलं. सूर्य उगवायच्या आत दोघं समुद्रावर अर्धा तास चालून, घामानं निथळत परत आले. दुसऱ्या दिवशी मीही गेले. त्या वेळी किनाऱ्यावर आमच्याशिवाय होते ते फक्त झाडूवाले, पाठीला पालिकेचं जाकीट, डोक्याभोवती गुंडाळलेलं फडकं. लेक त्यांना सलाम म्हणते, ते तिला नाव विचारतात. आता रात्री झोपण्याआधी ती फ्रीझरमध्ये पाण्याच्या चार बाटल्या लावते. दोन आमच्या, दोन त्यांच्यासाठी.