सत्तर हजार हात

माझ्या लेकीचे बिऱ्हाड अमेरिकेत, आयोवा सिटी नावाच्या गावी. 2019 साली गणपती आटोपून मी तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा एका शनिवारी पाहते तो सारे गाव एकाच रंगात न्हालेले. विद्यापीठाच्या फुटबॉलचा सामना होता! फुटबॉल आपला म्हणायचा. चेंडू लांबुळका, आणि पायांपेक्षा हातांचेच काम फार. आपल्याकडे कॉलेजच्या सामन्याला खेळाडूंच्या आया आल्या तरी गर्दी झाली म्हणायची. तिथे किनिक स्टेडियममध्ये सुमारे सत्तर हजार माणसे, आणि बाकीची टेलिव्हिजनपुढे.

जावईबापूही टेलिव्हिजनपुढे होते. पण एक डोळा पडद्यावर नि दुसरा हातातल्या फोनवर. कुणी काय लिहिले ते वाचायचे, हसायचे, आपणही दोन ओळी टाकायच्या. मी लेकीला म्हटले, "अगं, हे सामना बघताहेत की पत्रव्यवहार करताहेत?"

"आई, पहिला क्वार्टर संपू दे, मग बोल."

क्वार्टर संपला आणि सारे स्टेडियम, खेळाडूंसकट, एका उंच इमारतीकडे तोंड करून हात हलवू लागले. मैदानाशेजारीच विद्यापीठाचे मुलांचे रुग्णालय आहे. वरच्या मजल्यावरच्या काचांना नाके लावून आजारी मुले सामना पाहतात. लेकीच्या शेजारणीचा सात वर्षांचा मुलगा तेव्हा तिथेच होता. महिना झाला होता.

ही प्रथा कुणा कुलगुरूंनी पाडलेली नाही. रुग्णालयाची नवी इमारत 2017 मध्ये सुरू झाली, आणि एका चाहतीने फेसबुकवर सुचवले की, आपण सगळ्यांनी त्या मुलांना हात करावा. लोकांनी ते उचलून धरले, आणि 2 सप्टेंबरच्या पहिल्याच सामन्यात हात वर झाले. (आमच्या सोसायटीत टाकीला रंग द्यायचा तर तीन सभा होतात!) पुढे टेलिव्हिजनने ते घरोघरी नेले.

मी पोचण्याच्या थोडे आधीचीच गोष्ट. ईएसपीएनच्या कार्यक्रमात एका तरुणाने गमतीने पाटी धरली: बियरला पैसे पाठवा. लोकांनी खरोखरच पाठवले! त्याने ते याच रुग्णालयाला द्यायचे जाहीर केले, बातमी फोनाफोनांतून पसरली, आणि आकडा 30 लाख डॉलरच्या घरात गेला.

याच विद्यापीठाची केटलिन क्लार्क दुरून चेंडू बास्केटमध्ये टाकी, त्याच्या चित्रफिती मी पुढे पुण्यात बसून पाहिल्या. तशा किती जणांनी पाहिल्या असतील! 2024 चा मुलींचा अंतिम सामना टेलिव्हिजनवर सरासरी 1 कोटी 80 लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. मुलांचा 1 कोटी 48 लाखांनी. असे प्रथमच घडले. मात्र हरलेल्या विशीतल्या पोरांना शिव्याशापही याच फोनवरून येतात, पैजेत पैसे घालवलेल्यांचे तर विशेषच. ते मला मुळीच रुचत नाही.

त्या शनिवारचे एक सांगायचे राहिले. हात खाली आले न आले तोच लेकीचा फोन वाजला. शेजारणीने फोटो पाठवला होता: काचेला टेकलेला एक लहानसा पंजा, मनगटाला रुग्णालयाची पट्टी. खाली लिहिले होते, 'तुझ्या आईने हात हलवला का, असे विचारतोय.'

मी तर आ वासून नुसती बघत राहिले होते. लेकीला म्हटले, "तो फोन धर माझ्यापुढे," आणि पदर सावरून उभी राहिले.