आधी फेर, मग कागद

भाद्रपदात गौरी आल्या की पनवेल तालुक्यातील आगरी-कोळी गावांत रात्री बायकांचा फेर रंगतो. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी ती झेलायची. पावले ठरलेली, चालही ठरलेली. पण ओळीत कोणाचे नाव गुंफायचे, कोणाची थट्टा करायची, हे ऐन वेळी सुचते. फुगडीच्या उखाण्यांचेही तसेच. दम लागलेला असताना जोडीदारणीला उत्तर द्यायचे, तेही यमक जुळवून! यांतल्या कित्येक जणींच्या हाती कागद देऊन 'एक कविता लिहा' म्हटले, तर 'आम्हाला कुठे येते कविता' म्हणून त्या हसतील. त्यांची नातवंडे आपल्या वर्गात बसतात, आणि तीही हेच म्हणतात.

पाय हलत असताना जे सुचते, ते बाकावर बसल्यावर का आटते? या प्रश्नाला विज्ञानाने अर्धेमुर्धे का होईना, उत्तर दिले आहे. शिक्षकांना त्याचा उपयोग होईल, असे आम्हाला वाटते.

दोन भिंगे, दोन विचार

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांनी 1950 मध्ये सर्जनशीलतेच्या अभ्यासाकडे मानसशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. विचार करण्याच्या दोन तऱ्हा त्यांनी वेगळ्या काढल्या. आपण भिंगे शिकवतो, तेव्हाचेच शब्द येथे चालतील. बहिर्गोल भिंग किरणांना एका बिंदूकडे आणते. तसा एकाच अचूक उत्तराकडे जाणारा विचार तो अभिसारी. अंतर्गोल भिंगातून किरण पसरत जातात. तसा एका प्रश्नातून अनेक वाटांनी फुटणारा विचार तो अपसारी. 'सात आठे किती?' हा पहिल्या प्रकारचा प्रश्न, तर 'विटेचे किती उपयोग करता येतील?' हा दुसऱ्या प्रकारचा. कवितेला दोन्ही लागतात. आधी खूप सुचावे लागते, मग त्यातले नेमके निवडावे लागते.

2014 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील ओपेझो आणि श्वार्ट्झ यांनी चार प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण 176 जणांना त्यांनी काही वेळ बसवून, तर काही वेळ चालायला लावून असे प्रश्न विचारले. चालताना सुचलेल्या नव्या कल्पना बसून सुचलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे 60 टक्क्यांनी अधिक होत्या. आम्ही प्रयोगशाळेतली माणसे. आकडा ऐकला की तो कसा काढला, हे आधी विचारतो. मोकळ्या हवेचा, झाडांचा तर हा परिणाम नसेल? म्हणून काहींना खोलीतच, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून चालण्याच्या यंत्रावर चालवले होते. तरीही फरक पडला. चालून आल्यावर बसलेल्यांतही तो काही काळ टिकला.

याच प्रयोगांतील दुसरी गोष्ट आम्हाला तितकीच महत्त्वाची वाटते. एकच नेमका शब्द शोधायच्या कोड्यात, म्हणजे अभिसारी विचारात, चालणाऱ्यांची कामगिरी थोडी उणीच पडली. हालचाल पसरायला मदत करते, नेमके निवडायला नाही.

मुलांबाबतही पुरावा आहे. 2017 मध्ये कर्क आणि लुईस या ब्रिटिश संशोधकांनी 9 ते 11 वर्षांच्या मुलांना नेहमीच्या वस्तूंचे नवे उपयोग विचारले. जी मुले हातवारे अधिक करत, त्यांना उपयोगही अधिक सुचत होते. यावरून काही सिद्ध होत नाही. हुशार मूलच हात अधिक हलवत असेल. म्हणून दुसऱ्या प्रयोगात मुलांना हातवारे करायला मुद्दाम सांगितले, तेव्हा त्यांच्या कल्पनांची संख्या वाढली. 'हाताची घडी, तोंडावर बोट' या आपल्या जुन्या आज्ञेचा या निमित्ताने फेरविचार करायला हरकत नाही.

आतला परीक्षक

उत्स्फूर्त रचना करताना मेंदूत काय घडते? नाचणाऱ्या माणसाचे डोके चित्रण यंत्रात स्थिर धरता येत नाही, म्हणून संशोधकांनी जवळचे मार्ग शोधले. 2008 मध्ये लिंब आणि ब्राऊन यांनी 6 जाझ पियानोवादकांना यंत्रात निजवून, मांडीवर छोटा कीबोर्ड देऊन वाजवायला लावले. एकदा पाठ केलेली धून, एकदा ऐन वेळी सुचेल ती. 2012 मध्ये लिऊ, ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 रॅप गायकांवर असाच प्रयोग केला. ठेक्यावर ऐन वेळी यमके जुळवणारे हे गायक आपल्या फुगडीच्या उखाण्याला अधिक जवळचे.

दोन्ही ठिकाणी चित्र सारखे दिसले. कपाळामागील मेंदूच्या बाजूच्या भागांतील क्रिया उत्स्फूर्त रचनेच्या वेळी मंदावली. स्वतःवर नजर ठेवणे, चूक हेरणे, जाणीवपूर्वक आखणी करणे या कामांशी हे भाग निगडित आहेत. मधल्या भागातील क्रिया मात्र वाढली. प्रयोग लहान आहेत, आणि मेंदूचा एक भाग एकच काम करतो असेही नाही. तरी संशोधकांनी काढलेला अर्थ पटण्याजोगा आहे: सुचत असताना आतला परीक्षक जरा बाजूला बसतो.

वर्गात नेमके उलटे घडते. मुलाने पहिली ओळ लिहिली, की ऱ्हस्व-दीर्घाची लाल शाई तिच्यावर उतरते. आतल्या परीक्षकाच्या मदतीला बाहेरचाही धावून येतो. आठवड्याभरात मूल फळ्यावरचा निबंध उतरवून घ्यायला शिकते, कारण त्यात चूक होत नाही.

चौकट हवीच

'मोकळे सोडा, मुले आपोआप फुलतील' असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे ठरेल. फेरातली बाई शून्यातून ओळ काढत नाही. धृपद, चाल, ठेका, यमकाची जागा हे सारे तिला लहानपणापासून मुखोद्गत असते. नवी असते ती मधली एक जागा. गणेशोत्सवात कोकणभर होणाऱ्या जाखडीत, म्हणजे बाल्या नाचातही, मध्ये गाणारे आणि ढोलकी, भोवती घुंगरू बांधलेल्या नर्तकांचे रिंगण, अशी पक्की चौकट असते. मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी 1930 च्या दशकात युगोस्लाव्हियातील निरक्षर गायकांचा अभ्यास केला, तेव्हा हजारो ओळींची काव्ये गाणारे हे गायक ठरावीक शब्दबंध ठेक्यात बसवून दर वेळी नव्याने रचना करतात, असे दिसले. ठरलेले पाऊल आणि ठरलेली ओळ स्मरणाचा भार उचलतात, म्हणून उरलेले मन नव्याकडे वळू शकते.

करून पाहू या

दोन जोड तासिकांत जमेल असा एक उपक्रम सुचवतो. विषय पाण्याच्या तीन अवस्थांचा घ्या.

1. बाके बाजूला सारा. डफ, डबा, काहीही वाजवून साधा चार मात्रांचा ठेका धरा. मुले गोल उभी राहतील.

2. मुले बर्फातले रेणू झाली: जागा सोडायची नाही, पण थरथरायचे. ठेका वाढवला की पाणी: एकमेकांजवळून सरकायचे. आणखी वाढवला की वाफ: सुटे, दूरदूर. कसे हलायचे ते दाखवू नका. प्रत्येकाला आपले शोधू द्या. जे मूल नाचायला लाजते त्याने नुसते हात हलवले तरी चालेल, किंवा ठेका धरावा.

3. थांबताच, न बोलता, पाच मिनिटे लिहायचे. चौकट द्या: 'मी ... होतो, तेव्हा ...'. शुद्धलेखन नाही, यमक नाही, खोडरबर नाही. घरच्या बोलीत सुचले तर बोलीतच. समजा, एखाद्याने लिहिले, 'मी बर्फ होतो तेव्हा शेजाऱ्याचा खांदा सोडला नाही. वाफ झालो आणि घरचा पत्ता विसरलो', तर ती कविताही आहे आणि रेणूंमधील आकर्षणाची त्याला आलेली समजही.

4. दुसऱ्या तासिकेला शांत बसायचे. आता परीक्षकाला बोलवा. आपल्या ओळींतील उत्तम दोन निवडायच्या, शब्द पारखायचे, लेखन तपासायचे. विज्ञानही येथेच तपासा: वाफ होताना रेणू मोठे होतात का? नाही, त्यांच्यातील अंतर वाढते. नाचात सगळे फुगून उभे राहिले असतील, तर हा गैरसमज पकडायची याहून चांगली संधी मिळणार नाही.

हा क्रम उलटा करू नका, दोन्ही पायऱ्या एकत्रही करू नका. उपक्रमाचे सारे मर्म त्यातच आहे. एका तासाने कोणी कवी होत नाही. वर सांगितलेल्या चालण्याच्या आणि हातवाऱ्यांच्या प्रयोगांत मोजलेला परिणाम त्या-त्या वेळेपुरता आहे. पण 'मला येत नाही' म्हणणाऱ्या मुलाच्या वहीत त्याच्या स्वतःच्या चार ओळी आल्या, तर तेवढ्याने पुढच्या खेपेची भीती कमी होते.

पनवेल झपाट्याने बदलत आहे. 2016 मध्ये येथे महानगरपालिका झाली. नव्या विमानतळासाठी काही गावे उठून दुसरीकडे वसली. गावाबरोबर अंगण जाते, आणि इमारतीच्या जिन्यात फेर धरता येत नाही. आता वर्गात आगरी, कातकरी, घाटावरची आणि परप्रांतांतून आलेली मुले शेजारी शेजारी बसतात. त्यांच्या घरी रचण्याची जी रीत होती, ती अंगणात उरली नाही तरी शाळेच्या पटांगणात तिला जागा देता येईल. येत्या गौरींच्या सुट्टीत मुलांना एक काम द्या: आजीला विचारा, फेर धरताना ओळ कशी सुचायची? मिळालेली उत्तरे मुलांच्या शब्दांत फळ्यावर लिहा, आणि मग ठेका धरा.